उसातल्या वाटेवरची हाक

प्रिय आत्या,

'प्रिय' लिहिलं म्हणून हसू नका. सासूला प्रिय लिहिणारी सून आपल्या वस्तीवर मीच पहिली असेन. 'तीर्थरूप' लिहून बघितलं, पण त्याच्यापुढं शब्दच सुचेना. आणि तुम्हाला कुठं वाचता येत होतं? घरात येणारं प्रत्येक पत्र तुम्हाला मीच वाचून दाखवायचे. हेही मीच लिहीन आणि मीच वाचीन. तुम्ही फक्त ऐका, मधे बोलू नका.

आज रविवार. उद्या सकाळी मी बाभळीखाली जाऊन उभी राहीन, तेव्हा शाळेला जायला पोरी येतील का नाही, मला माहीत नाही. मंगल आणि सोनी आल्या नाहीत तर बाकीच्याही येणार नाहीत. ज्या आजीनं ही सोबत चालू केली, तिच्याच नाती घरी बसल्या तर दुसऱ्याच्या लेकी कोण धाडेल? भाकरी तव्यावर टाकली आणि तिथंच विसरले, पार कोळसा झाला. तुमचे चिरंजीव सेकंड शिफ्टला रांजणगावला गेले. त्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळं रविवारी घरात मी आणि भिंती. जाताना म्हणाले, "तू कशाला पडलीस त्या भानगडीत?" आता कंपनीची बस निघून गेल्यावर मी कुणाशी बोलू? म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

भानगड तुमचीच आहे, आत्या. माझी नाही.

आठवतं का, संस्था पहिल्यांदा वस्तीवर आली ती दप्तरं घेऊन? पोरींना दप्तरं, वह्या, गणवेश, सगळं नवंकोरं. फोटो निघाले. महिन्याभरात कुणाच्या दप्तरात लसूण जाऊन बसला, कुणाचं दप्तर बाजाराला जायला लागलं, आणि पोरी होत्या तिथंच राहिल्या, गोठ्यात आणि खुरपणीला. संस्थेच्या नीलाताई पुण्याहून यायच्या आणि घरोघर विचारत फिरायच्या, की चौथीनंतर पोरी घरी का बसतात? कोणी ताकास तूर लावू देईना. शेवटी आपल्या इंदूबाईच बोलल्या. एरवी माझ्या थोरल्या जाऊबाई चार माणसांत तोंड उघडत नाहीत. म्हणाल्या, "ताई, साळा मांडवगणात हाय. मधी सगळा ऊस हाय. पोरगी धाडली आन् काय झालं, तर तुमचं दप्तर काय करणार?"

मग सोबतीचं निघालं. रोज पोरींबरोबर जायचं, शाळा सुटेपर्यंत गावात थांबायचं, परत आणायचं. संस्था थोडं मानधन देणार होती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेव्हा तुम्ही कोपऱ्यातनं म्हणालात, "मी जाते की. मेंढरं इकल्यापासनं पाय आखडल्यात माझं."

नीलाताईंना वाटलं, केवढा हा त्याग! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला मात्र खरं माहीत होतं. दिवसभर घरात बसून माझं तोंड बघायचा तुम्हाला कंटाळा आला होता.

संस्थेनं तुम्हाला शिट्टी दिली, छत्री दिली, गळ्यात घालायला नावाचा बिल्ला दिला. शिट्टीनं तुम्ही ज्वारीवरची पाखरं हाकलीत. छत्री माझ्या सरपणावर उघडून ठेवलीत. बिल्ला एक दिवस शेळीच्या गळ्यात दिसला, आणि नेमक्या त्याच दिवशी परदेशातल्या दोन बाया तुम्हाला बघायला आल्या. नीलाताई कानकोंड्या झाल्या. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही उलट त्यांनाच विचारलंत, "तुमच्यात पोरींसंगं सोबत कोण जातं?" त्यातली एक जरा विचार करून म्हणाली, माझे वडील मला गाडीतून सोडायचे. तुम्ही मान हलवलीत. "मग बरं. म्हंजी तिकडं बी एकटं सोडत न्हाईत."

आणि ते मोजण्याचं! नीलाताईंना वरती कळवायला आकडा लागायचा, की किती मुली जातात? तुम्ही काही केल्या आकडा सांगायचा नाहीत. "लेकरं आन् मेंढरं मोजायची नस्त्यात. दिष्ट लागती." मग तुम्ही "इंदीच्या दोघी, शांतीची ती दातपुढी," असं आयांच्या नावानं सांगायचात आणि नीलाताई पदराआड बोटांवर मोजून आकडा काढायच्या. संध्याकाळी बाभळीखाली तुम्ही एकेकीच्या डोक्यावर हात ठेवायचात आणि म्हणायचात, "जा." हात ठेवल्याशिवाय एकही पोर घरी पळायची नाही. मला वाटायचं, म्हातारी आशीर्वाद देतीय.

चैत्रात तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. बोलायला वेळसुद्धा दिला नाहीत. शेवटच्या दिवशी मला म्हणालात काय, तर "चहात साखर कमी हाय." एवढंच? माझ्या गळ्यात एवढं काम घालायचं होतं, तर चार गोष्टी तरी सांगून जायचं होतं की नाही?

तेरावं झाल्यावर नीलाताई आल्या. जूनपासून कोण जाणार, असं त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दौंडची. रेल्वेच्या रुळाकडेला वाढलेली, बाप गँगमन. दहावीपर्यंत शिकलेली आणि इंग्रजीत आपटलेली. माझ्या बोलण्याला तुम्ही 'आगगाडी' म्हणायचात. मला रुळांची भीती नाही, मालगाडीच्या धडधडीत झोप लागते. पण उसाची भीती वाटते, आत्या. आत काय आहे ते दिसत नाही आणि पानं सारखी बोलतात. उन्हाळ्यात खालच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं नेलं, तेव्हापासून मी पाटाच्या चारीवर धुणं धुवायलासुद्धा एकटी जात नव्हते. तरी हो म्हणाले. का म्हणाले? तुमच्या जागी दुसरी कोणी उभी राहिलेली मला बघवली नसती, म्हणून.

आपलं शिलाईचं मशीन, बचत गट, हे सगळं या सोबतीच्या मागून आलं. नीलाताईंनी काही लपवलं नाही. पोरी शाळेत जायच्या थांबल्या तर संस्था तरी इथं कशाला थांबेल? दौंडकडची दोन गावं वाट बघतायत, असं त्या म्हणाल्या. पण खरं सांगू? मला त्याचंही एवढं नाही. मला मंगलचं आहे.

मंगल यंदा दहावीला आहे. सणसवाडीच्या कंपनीत पर्मनंट असलेला एक मुलगा तिला सांगून आलाय. घर चांगलं आहे, पण त्यांना थांबायचं नाही. "धावी करून काय कलेक्टर हुयाचंय का?" असं त्याच्या मामानं आपल्याच अंगणात बसून विचारलं. तिच्या वडिलांनी, बबनभावजींनी त्याला सांगितलं, "आईनं माझ्याकनं शब्द घेतलाय. धावी हुईस्तोवर न्हाई." मला बरं वाटलं. पण पाहुणे गेल्यावर भावजी इंदूबाईंना म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "आई हुती तवाची गोष्ट येगळी. आता वाटंत पोरींना काय झालं, तर मग मी कुणाचंच ऐकायचो न्हाई." थोरले दीर माझ्याशी सरळ कधी बोलतात? माझ्यासाठीचं बोलणं जाऊबाईंना सांगायचं, नाहीतर म्हशीला. ते म्हणतात ते मात्र दगडावरची रेघ.

तो मामा येत्या गुरुवारी परत येणार आहे.

आता कालचं सांगते.

काल शनिवार, सकाळची शाळा. जाताना बाभळीखाली मी पोरी मोजल्या. तुम्ही मोजत नव्हता, पण मी दहावीपर्यंत शिकलेली, मी मोजणारच. सात. हातात काठी घेऊन मी पुढं चालायला लागले. आठवडाभर मी पुढंच चालत होते. मला वाटायचं, जे काही येईल ते समोरून येईल, मग आधी मला गाठू दे. पोरी माझ्या मागून.

दुपारी शाळा सुटली. चारीच्या पुलावर मी मागं वळून मोजलं. सात. बरं वाटलं. ऊन टळटळीत, वारा पडलेला, वाटेवर चिटपाखरू नाही. मंगल आणि तिची मैत्रीण माझ्यालगत भूमितीचं काहीतरी बोलत होत्या. बाभळीपाशी आलो, मी म्हटलं, जा गं घरी. तर मंगल म्हणाली, "काकी, सोनी कुठंय?"

आत्या, सात होत्या. मी मोजल्या होत्या! पण सातवी सोनी नव्हतीच. पाटापलीकडच्या वस्तीवरची रूपाली, तिला न्यायला भाऊ आला नाही म्हणून ती शाळेच्या फाटकापासून आमच्या मागं लागली होती. तिचं घर आमच्या वस्तीच्या पुढंच. मी डोकी मोजली, तोंडं बघितलीच नाहीत.

सगळ्या पोरींना बाभळीखाली बसवलं, मंगलला म्हटलं, कुणाला हलू देऊ नको, आणि मी पळत सुटले. उसाच्या तोंडाशी उभी राहून ओरडले, "सोनेऽऽ! ए सोनेऽऽ!" काही नाही. थोडं आत गेले, परत ओरडले. दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर. माझाच आवाज पानांत शिरून मरत होता. सोनीऽ, सोनेऽ, बाळाऽ, जेवढी नावं येत होती तेवढी सगळी घेतली. उत्तर नाही. ते कुत्रं डोळ्यांपुढं आलं. ते रांजणगावच्या शिफ्टवरून सुटलेले, मोटारसायकलवर दोघं-तिघं बसून जाणारे पोरगे आठवले. पोरींची नावं पाठ करून ठेवतात आणि मागून हाका मारतात, ते. मला तिथं खाली बसावंसं वाटलं. तुमचा एवढा राग आला, आत्या. म्हटलं, मेल्या म्हातारीनं सगळं नेलं बरोबर.

आणि त्या रागातच, मला अजून कळत नाही कसं, पण माझ्या तोंडून ती हाक निघाली. तुमची. मेंढरांना मारायचात ती. "हाऽऽ यो! हाऽऽ यो!"

लग्न होऊन आले तेव्हा या हाकेची मला लाज वाटायची. दौंडच्या माझ्या मैत्रिणी आल्या असताना तुम्ही अंगणातून अशी हाक मारलीत, तर मी घरात जाऊन दार लावून घेतलं होतं. काल मी भर उसात ती हाक मारत होते, आणि नीट जमतही नव्हती, घसा फाटत होता.

तर वाटेच्या कडेला, मघाशी मी जिथून ओरडत गेले होते तिथूनच, पाचटातून सोनी उठून उभी राहिली. "ओऽ" म्हणाली. एक चप्पल हातात. चपलेचा अंगठा तुटला म्हणून खाली बसली होती, तेवढ्यात आम्ही पुढं गेलो होतो. रडलीही नव्हती. मीच तिला धरून रडले. मग एक धपाटा घातला. "एवढी बोंबलतीय मी, ओ का दिली नाहीस?"

ती म्हणाली, "आजीनं सांगितलं हुतं. उसात कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. चकवा आस्तो. न्हाईतर ती गाडीवरची पोरं आस्त्यात. गप खाली बसायचं. आपली हाक आली की मगच उठायचं."

मग तू ओळखलं कसं नाहीस मला, मी विचारलं. तर म्हणते कशी, "वळखलं की काकी. पर तू नावानंच मारत हुतीस."

सांगा आता, काय बोलायचं हिला?

तुम्ही हे पोरींना शिकवलंत, आत्या. सगळ्यांना. मंगलला माहीत होतं, दातपुढीला माहीत होतं, वस्तीवरच्या शेंबड्या पोरांना माहीत होतं. फक्त मला सांगितलं नाहीत. मला मोजायला येतं, म्हणून? की मी दार लावून घेतलं होतं ते लक्षात ठेवलंत? नाही, तुम्ही तशा नव्हता. तुम्हाला वाटलं असेल, हे काय सांगायचं असतं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. दौंडला रुळाकडेला हे कुणाला ठाऊक असणार, हो?

वस्तीवर आलो तर भावजी वाटेवरच उभे. कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी सोनीला वरपासून खालपर्यंत बघितलं, तिची तुटकी चप्पल हातात घेतली आणि इंदूबाईंना म्हणाले, "मंगलीला सांग, दप्तर आवरून ठिव." बस्स. आवाजही चढवला नाही. ओरडले असते तर मी काही बोलू तरी शकले असते. इंदूबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. मंगल रडली नाही. भूमितीचं पुस्तक उघडं होतं ते तिनं मिटलं, एवढंच.

रात्री डोळ्याला डोळा नाही. मामा येईल, सुपारी फुटेल, दिवाळीपर्यंत मंगल सणसवाडीच्या कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत भाकरी थापत असेल. चांगलाच असेल तो मुलगा. पण दहावी राहिली ती राहिलीच. आत्या, मला माहीत आहे ना ते कसं राहतं. अजून स्वप्नात इंग्रजीचा पेपर येतो.

थांबा जरा. बाहेर काहीतरी ओरडाआरडा चाललाय. बघून येते.

आले. हात अजून ओला आहे, डोळे पुसत होते. थोडं सावकाश लिहिते.

दारातून बघितलं तर भावजी खालच्या वावराच्या बांधावर उभे. कपाळावर हात धरून उसाकडं बघतायत. आणि एकदम त्यांनी हाक मारली. "हाऽऽ यो!" तुमचीच, पण भरदार. लहानपणी ते कळपाबरोबर चार महिने पायी फिरायचे ना? गळ्यात ती राहिली असणार. उसाच्या कडेनं "ओऽ" आलं. सोनीचं. मग त्यांनी हातानं तिला लांब जायची खूण केली. ती पळाली, दिसेनाशी झाली. परत हाक. परत "ओऽ". मग आणखी लांब. मंगलपण बांधावर आली होती, शांतीची दातपुढीही आली. एकेकीला ते लांब धाडत होते.

मी खांबाला धरून उभी. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. कसे बघतील, थोरले दीर. पण मग त्यांनी सोनीला बांधावर बोलावून काहीतरी सांगितलं. आणि बापाचा निरोप सोनी तिथूनच ओरडली, "काकीऽ! आबा म्हणत्यात, आता तू!"

सगळी वस्ती ऐकत होती. इंदूबाई भांडी घासायच्या थांबल्या. मी पदर खोचला आणि हाक मारली. कशीतरीच आली, शेवटाला फाटली. मग सोनीचा आवाज, हसू दाबत दाबत: "आबा म्हणत्यात, पोटातनं!"

परत मारली. पोटातून.

"ओऽऽ," आलं. एकीचं नाही. सगळ्यांचं.

भावजी घराकडं वळले. म्हशीपाशी थांबून तिला म्हणाले, "उद्या लौकर धार काढाय लागंल. पोरींचं डबं हायत." म्हशीला डब्याचं काय? तुमचा मुलगा आहे तो, सरळ बोलला तर शपथ. गुरुवारी मामाला ते काय सांगतील, मला माहीत नाही. विचारायची सोय नाही. ऊस काही तोडून टाकलेला नाही, आणि त्यात जे असेल ते आहेच. पण मंगल आत्ता ओट्यावर बसलीय आणि तिच्या मांडीवर भूमितीचं पुस्तक आहे, ते मला इथून दिसतंय.

आत्या, शब्द देते. उद्यापासून मी मागं चालेन. सगळ्यांच्या मागं, चप्पल तुटणारीच्याही मागं. उसात कुणाला नावानं हाक मारणार नाही. नीलाताईंना आकडा लागेल तो त्यांचा त्या बोटांवर काढतील. मी बाभळीखाली एकेकीच्या डोक्यावर हात ठेवीन, तोंड बघीन आणि मगच "जा" म्हणेन. दहावीच्या शेवटच्या पेपरापर्यंत मंगलच्या डोक्यावर हात ठेवीन. तिचा पेपर संपला की येऊन तुम्हाला सांगते. तोवर तिथं कुणी तुम्हाला नावानं हाक मारली, तर ओ देऊ नका.

चहात यापुढं साखर जास्त घालणारी,
तुमची आगगाडी,
सुरेखा